शेवाळाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शेवाळावर लिहावे, याचे विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. पण आपले कन्नडभाषक मित्र ज्याला ‘पाची’ म्हणतात, त्या शेवाळाची वाढ हा मला हिशेबाचाच विषय वाटतो.

माझे आजोळ बडोद्याचे. त्या शहरातून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते व तिचे पाणी खंभातच्या आखातात जाते. बडोदे परिसरातील कारखान्यांचे सांडपाणीही १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाशी सोडले जाते. सांडपाण्याबरोबर आणि शेतांतून वाहून आलेल्या खतांबरोबर नत्र व स्फुरद येतात. हेच शेवाळाचे अन्न. समुद्रातील सूक्ष्म शेवाळात स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सरासरी १६ अणू असतात.

मग आखाताचे पाणी हिरवे न होता मातकट का राहते?

कॉस्टिंगच्या तासाला आपण ‘मर्यादक घटक’ शिकतो. कच्चा माल कितीही असला, तरी यंत्राचे तास कमी पडले की उत्पादन तिथेच थांबते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी एकोणिसाव्या शतकात पिकांबद्दल हेच सांगितले होते. खंभातमध्ये उणीव आहे ती उजेडाची. मोठ्या भरतीच्या वेळी पाणी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. त्या ओढीने तळचा गाळ ढवळत राहतो आणि ऊन खोल पोचत नाही. शिवाय पेशींची संख्या वाढण्याआधीच पाणी वाहून गेले, तर शेवाळाची दाटी होत नाही. पाण्याचा खारेपणा बदलला की गोड्या पाण्यातील जातीही तग धरत नाहीत. याउलट साचलेल्या तळ्यात गाळ खाली बसतो, ऊन आत शिरते आणि पाणी हिरवे होते.

म्हणजे पाणी हिरवे नाही, एवढ्यावरून ते स्वच्छ ठरत नाही. खतांची शिल्लक खात्यावर पडूनच असते. या आखातावर बांध घालून गोड्या पाण्याचा जलाशय करण्याची ‘कल्पसर’ योजना अनेक वर्षे विचाराधीन आहे. बांधाच्या आत भरती थांबेल, गाळ बसेल, उजेड मिळेल. मग ती शिल्लक शेवाळ खर्ची घालील. शेवाळ माजून मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. काही नील-हरित शेवाळे तर विषारी असतात, आणि ते पाणी पिण्यासाठी हवे आहे.

तेव्हा नत्र-स्फुरदाची आवक आधी कमी करावी, बांधाचा विचार नंतर. ताळेबंद व्यवहारापूर्वी तपासलेला बरा, असे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला वाटते.