घरातील रुग्णाची शुश्रूषा करणारी मुले

हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे वारंवार गैरहजेरी पडू लागली की, तीस बेफिकीर ठरविण्याकडे मन सहज वळते. परंतु त्याच वेळी ती अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या आजीस कूस पालटून देत असेल, किंवा क्षयाने खंगलेल्या आईस औषध देऊन धाकट्या भावास कडेवर सांभाळीत असेल. वडील मजुरीस गेल्यावर घरात कर्ते माणूस असे तेवढेच उरते. हा भार बहुधा थोरल्या मुलीवर पडतो.

अशी मुले ओळखणे कठीण नाही. पहिल्या तासास उशीर, वर्गात पेंग, अपुरा गृहपाठ, मधल्या सुट्टीत घराकडे धाव, शाळेतील खिचडी न खाता डब्यात भरून नेणे, ही त्यांची लक्षणे होत. घरचे दुखणे चारचौघांत सांगू नये, असे त्यांना पुष्कळदा बजावलेले असते. म्हणून वर्गासमक्ष जाब विचारल्यास मूल गप्प राहते आणि पुढे शाळेस येणेच सोडते.

वडीलधाऱ्यांची सेवा हा चांगलाच संस्कार होय. मात्र ते काम मुलाच्या वयास झेपते काय आणि त्यापायी झोप, खेळ व अभ्यास बुडतो काय, ही कसोटी लावली पाहिजे.

शिक्षकाने प्रथम मुलास एकांतात विचारावे व गृहभेट द्यावी. उशिराची सवलत देऊन बुडालेला पाठ सोबत्याकरवी पोहोचवावा. तीन वर्षांवरील भावंडास अंगणवाडीत घालण्यास पालकांस सुचवावे. रुग्णाची माहिती आशा कार्यकर्तीस कळवावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पालक दुर्धर आजाराने ग्रस्त असल्यास बालसंगोपन योजनेविषयी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. मूल संकटात असल्यास 1098 या क्रमांकावर कळवावे.

दिनांक 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण देणे बंधनकारक केले आहे. शाळा सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही त्यात आहे. परंतु शाळा सुटल्यावर तिला परत आणण्यापेक्षा ती सुटू न देणे अधिक सोपे असते. “काल का आली नाहीस?” याऐवजी “घरी कोणाला बरे नाही काय?” असे विचारले, तर पुष्कळ मुलींची शाळा पाचवीतच संपणार नाही.