भीती ओसरल्यावर आलेली लस

मे २०२०च्या सुरुवातीला केंद्र सरकारने कोरोनाच्या प्रादुर्भावानुसार जिल्ह्यांची लाल, नारिंगी आणि हिरव्या पट्ट्यांत विभागणी केली, तेव्हा महाराष्ट्रातले सहाच जिल्हे हिरव्या पट्ट्यात होते. वर्धा त्यांतला एक. पुढच्या दहा दिवसांत आर्वी तालुक्यात पहिला बाधित रुग्ण सापडला, तोही मृत्यूनंतरच्या तपासणीत. हिरवा रंग गेला, पण ‘आपल्या इकडे काही नाही’ ही समजूत जिल्ह्यात पुढे बराच काळ टिकली. जानेवारी २०२१मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लांबलेली लग्नं उरकली गेली, आणि फेब्रुवारीत शेजारच्या अमरावतीत दुसऱ्या लाटेची ठळक चिन्हं दिसू लागली. वर्ध्यातही शनिवार-रविवारची संचारबंदी लागली. एप्रिल-मेमध्ये सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय या दोनच नावांवर जिल्ह्याच्या नजरा लागलेल्या होत्या.

त्या दोन महिन्यांत लस मिळत नव्हती. १ मेपासून १८ वर्षांवरच्या सर्वांना लस जाहीर झाली खरी, पण राज्यभर केंद्रांवर ‘साठा संपला’च्या पाट्या होत्या आणि लोक पहाटेपासून रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने परतत होते. ऑक्टोबरपर्यंत चित्र पार उलटलं. कुप्या भरपूर आल्या, रांगा गेल्या. भीती होती तेव्हा लस नव्हती, आणि लस आली तेव्हा भीती ओसरली होती. निर्बंध सैल होतानाच्या काळातल्या लोकांच्या वागण्याचं बरंचसं कोडं या एका उलट्या वेळापत्रकात आहे. आपली आरोग्ययंत्रणा अजूनही लोकांच्या भीतीवर विसंबून असते, आणि भीती साथीबरोबर येते, साथीबरोबरच जाते.

त्या ऑक्टोबरची तारीखवार मांडणी पाहण्यासारखी आहे. ४ ऑक्टोबर २०२१ला शाळा उघडल्या. ७ तारखेला, घटस्थापनेला, राज्यातली मंदिरं उघडली. ८ तारखेला ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम सुरू झाली. रोज १५ लाख डोस देण्याचं राज्याचं उद्दिष्ट होतं. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर तेव्हा ८४ दिवसांचं होतं. म्हणजे १५ जुलैला पहिला डोस घेतलेल्या माणसाची दुसऱ्याची वेळ नेमकी ७ ऑक्टोबरला येत होती. वर्धा जिल्ह्यात हे दिवस कोणते? सोयाबीनची सोंगणी आटोपत आलेली आणि कापसाची वेचणी सुरू झालेली. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. बाई जितका वेचेल तितकी तिची मजुरी. अशा वेळी “ताप आला तं दोन दिवसाची मजुरी कोन देते?” हा प्रश्न लसविरोधाचा नव्हता, हिशेबाचा होता. त्याला ‘गैरसमज’ म्हणून निकालात काढलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर देता येत होतं. लस टोचल्यावर शरीरातल्या संरक्षक पेशी परका अंश ओळखतात आणि इंटरफेरॉन, सायटोकाइन अशी रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि मेंदू शरीराचं ‘योग्य तापमान’ तात्पुरतं वर सरकवतो. शरीर असतं ३७ अंशांवर आणि मेंदूला हवे असतात ३८. म्हणून आधी हुडहुडी भरते, मग अंग तापतं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. हा ताप बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतरतो. ज्यांना तो आलाच नाही त्यांच्या मनात वेगळीच शंका होती, की आपल्याला नुसतं पाणी टोचलं की काय. तसं नसतं, ताप न येताही प्रतिपिंडं तयार होतात.

याहून महत्त्वाची एक गोष्ट गावोगाव सांगायची राहून गेली. कोविशिल्डचा त्रास पहिल्या डोसनंतर जास्त होतो, दुसऱ्यानंतर बहुधा कमी. पहिल्या वेळच्या तापाच्या आठवणीने जो माणूस दुसरा डोस टाळत होता, तो प्रत्यक्षात सौम्य असलेल्या डोसाला घाबरत होता. आणि दुसऱ्या लाटेतल्या डेल्टा विषाणूपुढे दुसरा डोस फार मोलाचा होता. इंग्लंडमधल्या २०२१च्या अभ्यासात, लक्षणं असलेल्या डेल्टाच्या आजारापासून एका डोसाचं संरक्षण सुमारे ३० टक्के भरलं होतं. ॲस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांचं ६७ टक्के. हीच लस आपल्याकडे कोविशिल्ड म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली.

दुसरी मोठी शंका मृत्यूंची. ‘अमक्याने लस घेतली आणि आठवड्यात गेला.’ असं प्रत्येक गावात ऐकू येत होतं, आणि त्यातल्या बऱ्याच घटना खऱ्या होत्या. चूक घटनेत नसते, तिचा अर्थ लावण्यात असते. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १३ लाखांच्या थोडी वर आहे. महाराष्ट्रात वर्षाला दर हजार लोकांमागे साधारण साडेपाच मृत्यू होतात. म्हणजे कोणतीही साथ नसताना या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ७ हजार माणसं जातात, दिवसाला १९-२०. आता समजा, जिल्ह्यातल्या सगळ्या प्रौढांना एकाच दिवशी लस दिली, आणि त्या लशीचा काही म्हणजे काही परिणाम नाही. तरी पुढच्या सात दिवसांत सव्वाशेहून जास्त मृत्यू झालेच असते. त्या प्रत्येक घरात ‘लस घेतल्यावर गेला’ हे वाक्य अक्षरशः खरं ठरलं असतं. लशीमुळे काही वावगं घडतंय का, हे ठरवायला विज्ञान हा नेहमीचा आकडा बाजूला काढून त्यावर काही भर पडली का, एवढंच पाहतं.

असं पाहिल्यावर खरा धोका सापडतोही. ॲडिनोव्हायरसवर आधारलेल्या लशींमुळे (कोविशिल्ड त्यांतलीच) क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घटतात, हे २०२१च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपातच लक्षात आलं. लशीनंतरच्या दुष्परिणामांची नोंद तपासणाऱ्या भारतातल्या राष्ट्रीय समितीने मे २०२१मध्ये गंभीर घटनांची छाननी केली, तेव्हा गुठळ्यांची शक्यता असलेल्या २६ घटना नोंदल्या. कोविशिल्डच्या १० लाख डोसांमागे ०.६१. आपल्याकडे नोंदी अपुऱ्या असतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असू शकतो. तो काही पट धरला तरी त्या वर्षी कोरोनाने मरण्याच्या धोक्यापुढे फार लहान राहतो. हा त्रास लशीनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत उद्भवतो. २०२४च्या उन्हाळ्यात याच धोक्याबद्दलच्या ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांची बातमी आली आणि मोबाइलवर पुन्हा घबराट पसरली, तेव्हा बहुतेकांचा शेवटचा डोस होऊन दोन वर्षं उलटलेली होती. हे एक वाक्य त्या दिवसांत प्रत्येक बातमीत असायला हवं होतं.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) शोध घेतला. देशातल्या ४७ रुग्णालयांमधल्या १८ ते ४५ वयोगटातल्या ७२९ मृत्यूंची तुलना २,९१६ जणांशी केली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने रुग्णालयात राहून आलेल्यांत, घराण्यात असे अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत किंवा शरीराला झेपणार नाही इतके कष्ट केलेल्यांत.

तिसरी शंका सर्वांत फसवी, कारण ती डोळ्यांनी दिसत होती: ‘दवाखान्यात भरती झालेले तर लस घेतलेलेच जास्त आहेत.’ एक काल्पनिक गाव घेऊ. प्रौढ १,०००, त्यांतल्या ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. लस न घेतलेल्यांत शंभरातले ५ गंभीर आजारी पडतात, घेतलेल्यांत शंभरातला १. मग वॉर्डात लस न घेतलेले ५ आणि घेतलेले ९ दिसतात. बघणारा म्हणतो, १४ पैकी ९ जण लसवाले, मग उपयोग काय? पण धोका पाचपट कमी झालेला असतो. गावात जितक्या जास्त लोकांनी लस घेतली, तितकी ही उलटी दिसणारी गर्दी वाढते. सगळ्यांनीच घेतली, तर भरती झालेला प्रत्येक जण लस घेतलेलाच असणार.

आता मास्कचं आणि गर्दीचं. लस घेतली की माणूस बेफिकीर होतो, असं अधिकारी खासगीत म्हणत. या विचाराचा उगम जुना आहे. १९७५मध्ये सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने मोटारींच्या सुरक्षा नियमांबाबत तो मांडला. पण जुलै २०२०मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका विश्लेषणाने उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा संरक्षक उपायांमुळे लोक इतके बेफिकीर होतात की उपायच वाया जावा, याला आधार सापडला नाही. मला वाटतं, वर्ध्याच्या बाजारात मास्क हनुवटीवर आले ते लशीमुळे नव्हे, शेजारच्याचा आधीच उतरलेला होता म्हणून. शिवाय जून-जुलै २०२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे तिघांतल्या दोघांनी एक तर आजार भोगला होता किंवा लस घेतली होती. “आमाले तं काही झालं नाही, काहून घ्याची?” या बोलण्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तो चुकीचा नव्हता. पुढच्या विषाणूपुढे तो पुरेसा नव्हता, एवढंच.

या अनुभवाला सरकारी यंत्रणेने कुठे दंडाने उत्तर दिलं, कुठे उंबरठ्यावर जाऊन. नोव्हेंबर २०२१मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्याने नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. सक्तीने केंद्रांवर माणसं आली असतील, पण गरिबाच्या धान्यावर हात ठेवून आरोग्य मिळवणं मला पटत नाही. तशी घेतलेली लस दंडात जाते, शंका मात्र मनातच राहते आणि पुढच्या लशीच्या वेळी वर येते. त्याच नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ ही घरोघर लस देण्याची मोहीम सुरू झाली. आशाताई आणि आरोग्यसेविका (एएनएम) दिवे लागल्यावर, मजूर शेतातून परतल्यावर दारात जाऊ लागल्या. कुपीत दहा डोस, उघडल्यावर चार तासांत वापरायची. म्हणून गल्लीत आधी दहा माणसं जमवायची, मगच झाकण काढायचं. शीतपेटी, सिरिंज, कोविन पोर्टलवरची नोंद, आणि टोचल्यावर अर्धा तास थांबायला लावणं, सगळं अंगणात. याच आशांना जून २०२१मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं, हे विसरता येत नाही.

या मातीत लशीबद्दलची शंका नवी नाही. १९३६मध्ये सेवाग्रामला राहायला आलेल्या गांधीजींनी त्याआधी, १९१३च्या ‘इंडियन ओपिनियन’मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत, देवीच्या लशीला उघड विरोध केला होता. त्यांच्याच वैद्य डॉ. सुशीला नायर १९६२मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या, आणि देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. १९७७मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. नायर यांनी १९६९मध्ये सेवाग्रामला उभ्या केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं तिथे राहतात, घरोघर जातात, ती घरं पुढची काही वर्षं त्यांचीच असतात. याच संस्थेत कोविशिल्डची भारतातली चाचणीही झाली. स्वतःच्या अंगणात तपासलेल्या लशीची ही हकीकत वर्ध्याच्या किती घरांपर्यंत पोहोचली? पोहोचली असती, तर परक्या मोबाइलवरच्या चित्रफितींना इतकी जागा मिळाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

१ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, राज्यातले सगळे निर्बंध संपले आणि मास्क ऐच्छिक झाला. पण कोरोनाच्या काळात चुकलेलं आणखी एक काम बाकी होतं. २०२१मध्ये जगभरातल्या अडीच कोटी बालकांचे नेहमीचे डोस चुकले. २०२२च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला आणि पुढे मालेगाव, भिवंडीला गोवराने मुलं दगावली. गोवराचा एक रुग्ण, संरक्षण नसलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. कोरोनाचा मूळ विषाणू दोघा-तिघांना करत असे.

म्हणून वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, जिथे कुठे हा लेख वाचत असाल, तिथे घरातल्या लहान मुलाचं लसीकरण कार्ड आज काढून बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत झाला आहे का, ते तपासा. शंका असेल तर ती गावातल्या आशाताईला किंवा एएनएमला मोकळेपणाने विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. डोस चुकला असेल, तर तो पाचव्या वर्षापर्यंत सरकारी केंद्रावर मोफत मिळतो.