दडपण, पकड आणि पतन : अग्रणी मोटारसायकल शर्यतपटूंच्या अपघातांची कारणमीमांसा

सारांश : मोटारसायकल शर्यतीत विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेला कसलेला शर्यतपटू नेमक्या निर्णायक क्षणी का पडतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्र, मानसशास्त्र आणि निर्णयशास्त्र या तीन अंगांनी केला आहे. असे अपघात केवळ मनोधैर्य खचल्याने होत नाहीत. सुरक्षिततेची अत्यंत अरुंद सीमा आणि दडपणामुळे अवधानात होणारा अल्पसा बदल एकत्र आल्याने ते घडतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : दडपण, अवधान, घर्षण, जोखीम, मोटोजीपी.

प्रस्तावना :

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओ कंपनीचा कारखाना पणदरे व माळेगाव परिसराला अपरिचित नाही. तीनचाकी वाहनांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कारखान्यात व्हेस्पा आणि अॅप्रिलिया या इटालियन नाममुद्रांच्या दुचाकीही तयार होतात. यांपैकी अॅप्रिलिया ही मोटोजीपी या जगातील सर्वोच्च मोटारसायकल शर्यतीत उतरणारी नाममुद्रा होय. २५ मे २०२४ रोजी स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या सर्किटवर झालेली या स्पर्धेतील कमी अंतराची 'स्प्रिंट' शर्यत अॅप्रिलियाच्या अलेइश एस्पारगारोने जिंकली. मात्र ती शर्यत स्मरणात राहिली ती वेगळ्याच कारणाने. राउल फर्नांडिझ, ब्रॅड बाइंडर आणि तत्कालीन विश्वविजेता फ्रान्चेस्को बान्याइया हे तिघेही आघाडीवर असताना एकापाठोपाठ एक पडले. बान्याइया तर अखेरच्या फेरीत पडला.

अशा वेळी 'तो घाबरला' किंवा 'अतिआत्मविश्वास नडला' अशी दोन स्पष्टीकरणे सर्रास दिली जातात. ती एकमेकांच्या विरुद्ध असूनही एकाच घटनेला लावली जातात, यातच त्यांचा अपुरेपणा दिसून येतो. शिवाय बान्याइयाने दुसऱ्याच दिवशी त्याच सर्किटवरील मुख्य शर्यत जिंकली, आणि आदल्या दिवशी जेथे तो पडला होता त्याच पाचव्या वळणावर प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले. म्हणजे त्याचे कौशल्य वा धैर्य एका रात्रीत नाहीसे होऊन परत आले, असे म्हणता येत नाही. कारणे अन्यत्र शोधणे आवश्यक ठरते.

१. घर्षणाची मर्यादा :

वळणावर मोटारसायकलचा सारा भार टायरच्या तळहाताएवढ्या भागावर असतो. या भागाकडून मिळणारी पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक लावणे व वळणे या दोन कामांत वाटून घ्यावी लागते. एका कामासाठी ती अधिक वापरली की दुसऱ्यासाठी कमी उरते. वळणासाठी लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते. वेग ५ टक्क्यांनी वाढला तर पकडीची गरज १० टक्क्यांहून अधिक वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ८० किलोमीटर वेगाला सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे ४५ अंशांचा कल लागतो. ताशी १०० किलोमीटरला तो ५७ अंशांच्या पुढे जातो. मोटोजीपीतील शर्यतपटू ६० अंशांहून अधिक कलतात. याचाच अर्थ असा की, उपलब्ध पकड जवळजवळ पूर्णपणे वापरली जात असते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल ०.१ सेकंदात सुमारे ८.३ मीटर अंतर कापते. वळणात ताशी १०८ किलोमीटर वेगाने शिरण्याचा बेत असलेल्या चालकाने ब्रेक केवळ ०.१ सेकंद उशिरा लावला, आणि वेग दर सेकंदाला १२ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होत आहे असे मानले, तर वळणाशी तो ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने पोहोचेल. त्याला लागणारी पकड सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली असेल. पापणी लवण्याइतका विलंब आणि पाचव्या हिश्शाहून अधिक वाढलेली गरज, असे हे गणित आहे. इतकी शिल्लक टायरकडे नसते. मग पुढचे चाक घसरते आणि चालक वाहनासह आतल्या बाजूस पडतो. याउलट मागचे चाक घसरून एकाएकी पुन्हा पकड घेते तेव्हा चालक वर फेकला जातो. हा प्रकार अधिक घातक असतो.

ही सीमा स्थिरही नसते. दुसऱ्या वाहनाच्या अगदी मागे राहणाऱ्या मोटारसायकलच्या पुढच्या टायरला थंड हवा कमी मिळते. टायर तापतो, त्यातील हवेचा दाब वाढतो आणि पकड घटते. त्यामुळे पाठलाग करणारा जितका जवळ येतो तितकी त्याची सीमा अधिक अरुंद होते. उलटपक्षी आघाडी राखण्यासाठी वेग कमी करणाऱ्याचा टायर आवश्यक तापमानाखाली जाऊ शकतो. त्यामुळे सावकाश चालविणे म्हणजे सुरक्षित चालविणे, हे समीकरण येथे नेहमीच लागू पडत नाही.

२. अवधान आणि दडपण :

उद्दीपन व कार्यसंपादन यांच्या संबंधाचा पाया यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून घातला. मर्यादित उद्दीपन कामगिरी सुधारते, तर अतिरिक्त उद्दीपन अवघड कामात ती बिघडविते, असे त्यांच्या कार्यावरून पुढे मानले गेले. उद्दीपन वाढले की अवधानाचे क्षेत्र आकुंचित होते, असे ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडले. शर्यतीत याचा परिणाम असा होतो की, चालकाची दृष्टी वळणाच्या अंतिम टोकाकडून पुढील प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चाकावर खिळते. मोटारसायकल ही जिकडे नजर तिकडे जाणारी असते. त्यामुळे ब्रेक लावण्याची खूण, टायरची थरथर, बदलते ऊन यांसारखे बारीक संकेत नजरेआड होतात.

दुसरी प्रक्रिया याहून सूक्ष्म आहे. दीर्घ सरावाने कौशल्य अंगवळणी पडते व त्यासाठी जाणीवपूर्वक विचार करावा लागत नाही. परंतु दडपणाखाली व्यक्ती स्वतःच्या हालचालींवर पहारा ठेवू लागते आणि सहज चालणारी क्रिया तुकड्यातुकड्यांत मोडते. मास्टर्स यांनी १९९२ मध्ये, तसेच बाइलॉक व कार यांनी २००१ मध्ये गोल्फमधील प्रयोगांच्या आधारे हा विचार पुढे नेला. याचाच अर्थ असा की, दडपणाचा धोका नवशिक्यापेक्षा निष्णाताला वेगळ्या प्रकारे असतो. ज्याचे कौशल्य अधिक सहज झालेले असते, त्याच्याजवळ मोडण्यासारखी सहजताही अधिक असते.

दडपण ओसरणे हेदेखील धोक्याचे ठरू शकते. ३० मार्च २०२५ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन येथे मार्क मार्केझ आघाडीवर असताना, प्रतिस्पर्धी लगटून नसताना, वळणाच्या कडेवरून जाऊन पडला. अवधान अतिताणले गेल्याने जसा अपघात होतो तसा ते क्षणभर सैल झाल्यानेही होतो.

३. गुणांचे गणित आणि जोखीम :

शर्यतपटू केवळ एक शर्यत खेळत नाही. तो वर्षभराच्या गुणतक्त्यात खेळत असतो. २५ सप्टेंबर २०२२ रोजी जपानमधील मोतेगी येथे बान्याइया अखेरच्या फेरीत नवव्या क्रमांकावर होता व आठव्या क्रमांकावरील फाबिओ क्वार्तारारोला मागे टाकू पाहत होता. आठव्या क्रमांकास ८ व नवव्यास ७ गुण मिळतात. प्रयत्न यशस्वी झाला असता तर दोघांतील फरक केवळ २ गुणांनी बदलला असता. तो पडला आणि हातातले ७ गुण गेले. त्यांच्यातील अंतर १० वरून १८ गुणांवर पोहोचले. लाभहानीच्या या हिशेबात तो प्रयत्न बसत नव्हता. काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, आपण तोट्यात आहोत असे वाटणारी व्यक्ती अधिक जोखीम पत्करते. त्याच वर्षी जून महिन्यात बान्याइया ९१ गुणांनी मागे होता आणि तेथून तो इतका जवळ आला होता, हे लक्षात घेतल्यास त्याची घाई समजू शकते.

आघाडीवरच्याचीही कोंडी अशीच असते. २९ ऑक्टोबर २००६ रोजी व्हॅलेन्सिया येथील अखेरच्या शर्यतीत व्हॅलेंटिनो रॉसी ८ गुणांच्या आघाडीसह उतरला. सुरुवात खराब झाल्याने तो मागे पडला व पाचव्या फेरीत घसरला. पुन्हा उठून त्याने शर्यत पूर्ण केली, पण तेरावा आला. तिसरा आलेल्या निकी हेडनने २५२ विरुद्ध २४७ गुणांनी विजेतेपद मिळविले. हेडन तिसरा येणार हे गृहीत धरले तर रॉसीला सातवा क्रमांकही पुरेसा होता. परंतु पाचव्या फेरीत हे कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. अंतिम निकाल हाती असलेल्या प्रेक्षकाला जी घोडचूक वाटते, ती त्या क्षणी अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाचा भाग असते.

२०२४ च्या मोसमाने हाच मुद्दा अधोरेखित केला. बान्याइयाने २० पैकी ११ मुख्य शर्यती जिंकल्या, होर्हे मार्टिनने केवळ ३. तरीही ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी विजेता मार्टिन ठरला. प्रस्तावनेत उल्लेखिलेली बार्सिलोनाची स्प्रिंट शर्यत जिंकणाऱ्यास १२ गुण होते. अखेरचा फरक १० गुणांचा होता.

४. पतनाची किंमत :

२०१८ पासून मोटोजीपीत हवा भरून फुगणारे संरक्षक कवच असलेला पोशाख सक्तीचा आहे. सर्किटभोवती मोकळी जागा व खडीचे पट्टेही असतात. त्यामुळे बहुतेक वेळा पडलेला शर्यतपटू उठून उभा राहतो. परंतु नेहमीच नाही. १९ जुलै २०२० रोजी हेरेझ येथे मार्केझ सुरुवातीला रस्त्याबाहेर गेला, मागून येऊन जिद्दीने पुन्हा पुढे पोहोचला आणि मग पडून त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. अनेक शस्त्रक्रियांनंतर त्याला पुढील विश्वविजेतेपद मिळाले ते थेट २०२५ मध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नई येथील राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या १३ वर्षांच्या भारतीय शर्यतपटूचा मृत्यू झाला. या क्रीडाप्रकारात चुकीचे मोल गुणतक्त्यापुरते राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, अग्रणी शर्यतपटूचे पतन हा त्याच्या स्वभावावरील निकाल नसतो. टायरची पकड, अवधानाची दिशा आणि जोखमीचा हिशेब या तीन गोष्टी एका वळणावर एकत्र येतात आणि त्यांपैकी एकीतील अल्प बदल पुरेसा ठरतो. म्हणूनच उपायही 'खंबीर राहा' या उपदेशात नाही. ठरावीक क्रमाने केलेली पूर्वतयारी, नजर कोठे ठेवावी याचा सराव, आणि कोणत्या स्थितीत किती जोखीम घ्यायची याचा शर्यतीपूर्वीच केलेला निर्णय हे त्याचे मार्ग होत.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचे दोन अर्थ निघतात. वर्षभर उत्तम असलेला विद्यार्थी परीक्षेत वा स्पर्धेत ऐन वेळी अडखळला, तर त्यास कच्चा ठरविण्यापूर्वी त्याचे अवधान कोठे गेले हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. दुसरा अर्थ अधिक निकडीचा आहे. पणदरे-बारामती रस्त्यावर दुचाकीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वेगाच्या वर्गाचा तोच नियम लागू असतो. मात्र त्याच्या अंगावर संरक्षक कवच नसते, रस्त्याकडेला मोकळी जागा नसते आणि ऊसवाहतुकीच्या हंगामात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली येत असते. मागून आलेल्या मित्राने पुढे जाऊ नये एवढे दडपणही त्या ०.१ सेकंदाच्या विलंबास पुरेसे असते. पदार्थविज्ञानाच्या तासाला वर्तुळाकार गती शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडले, तर सूत्र आणि जीवित या दोहोंचे रक्षण होण्यास साहाय्य होईल.