लाल न होणारा डोळा

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान सहा आठवडे टिकलेली, दुसरे कारण न सापडणारी सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात. काही मुलांत तोच दाह डोळ्याच्या आत शिरतो. त्याला युव्हिआयटिस म्हणतात. या मुलांचा डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. लक्षात येते तेव्हा बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटलेला असतो किंवा मोतीबिंदू, काचबिंदू सुरू झालेला असतो. म्हणूनच जास्त धोका असलेल्या मुलांचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे २०१९चे मार्गदर्शन सांगते. सोनपेठ किंवा पालमच्या खेड्यातल्या मजुराला मात्र लेकराला घेऊन परभणी गाठायची म्हणजे दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे लागते. दुखतच नसलेल्या डोळ्यासाठी ही फेरी वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड आहे.

अश्रूंच्या तपासणीचे मोल इथे कळते. पाच मिलिमीटर रुंदीची गाळणकागदाची शिर्मर पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. पाच मिनिटांत ती भिजते, मग गोठवून प्रयोगशाळेत जाते. तिथे एस-१०० गटातली, दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशींतून सुटणारी प्रथिने मोजतात. सुई टोचावी लागत नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात शीला अँजेलेस-हान यांचा गट अशा प्रथिनांचा अभ्यास करत आहे. यावरचे आक्षेप खरे आहेत. ॲलर्जीनेही अश्रूंतली प्रथिने बदलतात. मूल रडले की अश्रू पातळ होतात. परभणीच्या उन्हाळ्यात नमुना गोठलेला ठेवणे सोपे नाही. त्यामुळे पट्टी स्लिट लॅम्पची जागा घेऊ शकत नाही, आणि आज ती नेहमीच्या तपासणीत वापरण्याजोगी सिद्धही झालेली नाही. पण तिच्याकडून निदानाची अपेक्षाच नको. कोणत्या मुलाला तीन महिने न थांबता लगेच बोलवायचे, एवढे तिने सांगितले तरी पुरे. त्यासाठी तिची पारख मोठ्या शहरांपुरती न ठेवता धूळ, ऊन आणि अंतर असलेल्या जिल्ह्यांतही व्हायला हवी.

तोवर हाती आहे ते वापरू. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात. मुलाचा गुडघा सुजलेला असेल, ते सकाळी लंगडत असेल, तर त्यांना आवर्जून सांगा. संधिवाताचे निदान झाले असेल, तर डोळा कितीही स्वच्छ दिसो, स्लिट लॅम्पची तारीख चुकवू नका.