गोळी लागू पडली म्हणजे निदान बरोबर?

माझी भाची दुसरीत होती. वर्गात मध्येच टक लावून बसायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. शाळेच्या डायरीत महिन्याभरात चार वेळा 'लक्ष नसते' असा शेरा आला. एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, सांगितलं आणि एकाग्रतेची गोळी लिहून दिली. बहिणीचं मन मानेना. तिने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्या बाईंनी आधी बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं, मग खणातून कागदी भिरभिरं काढलं. "मी थांब म्हणेपर्यंत हे फिरतं ठेव बघू." दोनेक मिनिटांत भिरभिरं थांबलं. डोळे उघडे, पापण्या किंचित लवत होत्या, पण पोरगी जागेवर नव्हती. दहा सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागली. मध्ये काही घडलं, हे तिच्या गावीही नव्हतं.

ती फीट होती. हातपाय झाडणारी नव्हे, काही क्षण भान हरपवणारी. जोरजोरात श्वास घेतला-सोडला की ती बहुधा उमटते, म्हणून ते भिरभिरं. मेंदूचा आलेख काढणाऱ्या ईईजीनेही तेच सांगितलं.

तेव्हापासून मुलांच्या निदानाबद्दल लोक काय बोलतात, ते मी कान देऊन ऐकते.

'गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच!'

हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं, आणि सगळ्यांत जास्त फसवतंही. अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणताही आजार नसलेल्या 14 मुलग्यांना डेक्स्ट्रोअँफेटॅमिन हे एडीएचडीवरचं औषध देऊन पाहिलं. 1978 साली 'सायन्स' नियतकालिकात त्याचा अहवाल आला. ती निरोगी मुलंही शांत बसू लागली, त्यांचंही लक्ष अधिक लागू लागलं. म्हणजे गोळीचा गुण आला, एवढ्यावरून एडीएचडी सिद्ध होत नाही. त्यासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि एकाहून अधिक ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. शिवाय दुसरं कारण नाही, हे तपासावं लागतं. टॉन्सिल वाढल्यामुळे रात्रभर घोरणारं मूल दिवसा चुळबुळ करतं. कमी ऐकू येणारं मूल 'ऐकतच नाही' ठरतं. घरात मारहाण पाहणाऱ्या मुलाचं गणितात लक्ष लागेल कसं?

'वर्गातल्या बाकीच्यांना जमतं, मग यालाच का नाही?'

बाकीची मुलं कदाचित अकरा महिन्यांनी मोठी असतील! अमेरिकेतल्या ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही वयाची सीमा आहे, तिथल्या मुलांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सर्वांत लहान, सप्टेंबरची सर्वांत मोठी. दर 10,000 मुलांमागे ऑगस्टवाल्यांत सुमारे 85 जणांना एडीएचडीचं निदान मिळालं होतं, सप्टेंबरवाल्यांत सुमारे 64 जणांना. मेंदूचा आजार जन्माचा महिना बघून येत नाही. सहा वर्षांच्या पोराच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढा मोठा तुकडा! आपल्याकडे एके काळी गुरुजी दाखल्यावर सरसकट 1 जून लिहायचे. कागदावरचं वय आणि अंगातलं वय यांचा मेळ नसणं आपल्याला नवं नाही.

'एवढा संताप? हे बायपोलरच!'

बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार. संताप म्हणजे बायपोलर, हा गैरसमज अमेरिकेत डॉक्टरांमध्येच पसरला. 1990 च्या दशकात हार्वर्डमधल्या जोसेफ बीडरमन यांच्या गटाने मांडलं, की मुलांमधली सततची, स्फोटक चिडचिड हेही बायपोलरमधल्या उन्मादाचं रूप असू शकतं. 1994-95 ते 2002-03 या काळात बायपोलर म्हणून नोंदलेल्या मुलांच्या डॉक्टरभेटी तिथे सुमारे 40 पट झाल्या. एलन लायबेनलुफ्ट यांच्या गटाने अशा सतत चिडणाऱ्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. पुढे त्यांच्यात नैराश्याचा धोका ठळक होता, बायपोलरचा नव्हे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, या मुलांसाठी वेगळं निदान घातलं गेलं, ते बायपोलर निदानांची ही लाट रोखण्यासाठीच.

तोवर कितीतरी मुलांना बायपोलर समजून अँटिसायकोटिक औषधं सुरू झालेली होती. ही औषधं साधी नाहीत. 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात ती पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलांचं वजन जेमतेम अकरा आठवड्यांत, औषधागणिक, सरासरी 4.4 ते 8.5 किलोने वाढलं. शाळेतला पट्टा दोन महिन्यांत लागेनासा होतो, वर्गात चिडवणं सुरू होतं, आणि चिडचिड वाढली म्हणून डोस वाढतो. एका औषधाचा त्रास आवरायला दुसरं सुरू होतं. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं.

'मग औषध नकोच!'

असंही नाही. नीट निदान झालेल्या एडीएचडीत या गोळ्या खरोखर उपयोगी पडतात, आणि मुलाची शाळा सावरते. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मात्र अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी पालकांना प्रशिक्षण द्यायला सांगते, औषध नंतर. आपल्याकडे उलटी बाजूही तितकीच दुखरी आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. त्यांच्यातल्या कित्येकांच्या वाट्याला 'नाटकं करतोय' याखेरीज काही येत नाही.

आणि हे वाचून कोणी चालू गोळी आज रात्री बंद करू नये. एडीएचडीत दिलं जाणारं क्लोनिडिन एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो, फीटचं औषध तोडलं तर फीट उलटते. डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा : निदान कशावरून केलं, आणखी काय असू शकतं, गोळी किती महिन्यांसाठी, वजन कधी मोजायचं, बंद कशी करायची? माझ्या बहिणीने वहीच्या मागच्या पानावर हेच प्रश्न लिहून नेले होते. त्या बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि शेवटचं उत्तर देताना तारीखही लिहून दिली.