वर्दीतल्या मास्तरांची चाळीस वर्षं

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७४पासून शाळांमध्ये एक मोहीम चालवली होती. कोवळ्या चेहऱ्याचे पोलीस विद्यार्थी बनून हायस्कुलात दाखल होत, शाळेतच विकला जाणारा गांजा आणि गोळ्या विकत घेत आणि सत्र संपताना विकणाऱ्या पोरांना पकडत. धरपकड झाली, बातम्या आल्या, विक्री मात्र चालूच राहिली. पकडून हे थांबणार नाही, हे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांना पटलं. मग त्यांनी शहराच्या शालेय विभागाला सोबत घेऊन १९८३मध्ये मुलांना वर्गातच नशेला नकार द्यायला शिकवणारा 'डेअर' हा उपक्रम सुरू केला. दहा पोलीस आणि पन्नास शाळा, एवढीच त्याची सुरुवात होती.

पोलीस वर्दीतच वर्गावर येई. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी आठवड्याला एक तास, असे सतरा तास. अमली पदार्थांचे परिणाम, मित्र आग्रह करू लागला तर नाही कसं म्हणायचं, स्वतःची किंमत कशी ओळखायची, असे विषय असत. वर्गात प्रश्नपेटी ठेवलेली असे. मुलं नाव न घालता चिठ्ठी टाकत. अखेरीस निबंध, समारंभ, प्रमाणपत्र आणि लाल अक्षरांचा काळा टी-शर्ट. ज्या वस्त्यांत पोलीस दारात आला की कुणाला तरी न्यायलाच आला असं समजत, तिथल्या मुलांना तो नावानं हाक मारू लागला. ही कमाई खरी होती आणि ती कमी लेखू नये.

पण पायातच एक दोष राहिला होता. हे धडे मुळात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या 'स्मार्ट' या प्रयोगावरून घेतलेले. विल्यम हॅन्सन आणि त्यांचे सहकारी तिथं दोन वेगळ्या वाटा तपासत होते. एक, दबावाला नकार देण्याचा सराव. दुसरी, आत्मसन्मान आणि भावना यांवर भर. दुसरी वाट कुचकामी, उलट अपाय करणारी ठरू शकते, असं संशोधकांना पुढे दिसलं. तोवर पोलिसांच्या अभ्यासक्रमात दोन्ही एकत्र मिसळून गेल्या होत्या. प्रयोग पुरा होण्याआधी घेतलेला धडा मग देशभर गेला. केंद्राचा पैसा आला, १९८८मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी राष्ट्रीय 'डेअर' दिवस जाहीर केला, आणि नव्वदीच्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश शालेय जिल्ह्यांत हा उपक्रम चालू होता. याच काळात, १९९०मध्ये, सिनेटच्या समितीपुढे गेट्स म्हणाले की अधूनमधून नशा करणाऱ्यांना गोळ्या घालायला हव्यात. मुलांना विश्वासानं बोला असं सांगणाऱ्या उपक्रमाच्या जनकाचे हे शब्द होते. काही मुलांनी तेवढ्याच विश्वासानं घरातल्या नशेबद्दल वर्गातल्या पोलिसाला सांगितलं आणि त्यांच्याच आईवडिलांना अटक झाली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत जड गोष्ट वाटते.

१९९४मध्ये आठ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. मुलांची माहिती वाढली होती, नशेच्या सवयीवर मात्र नगण्य परिणाम. १९९९मध्ये केंटकीतल्या सुमारे हजार मुलांचा दहा वर्षांनंतरचा मागोवा छापून आला. विशीत पोहोचलेल्या या मुलांमध्ये, 'डेअर' शिकलेल्या आणि न शिकलेल्यांत फरक आढळला नाही. २००१मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं उपक्रमाला निष्प्रभ ठरवलं. त्याआधी, २०००मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या महापौरांनी तो बंद केला तेव्हा मात्र पालक चिडले होते. पोलीस, शिक्षक, आईबाप सगळ्यांना उपक्रम आवडत होता, आणि त्या आवडीलाच यश समजलं गेलं.

परिणाम न होण्याचं कारण तसं उघड आहे. वर्गात बोलत होता पोलीस; मुलं ऐकत होती. नकार हा पोहण्यासारखा, ऐकून येत नाही. आपल्याकडेही २६ जूनच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाच्या सुमारास शाळेत पोलीस अधिकारी येतात, सभागृहात व्याख्यान होतं, शपथ घेतली जाते. त्यांची तळमळ खोटी नसते. पण पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला गच्चीवर मित्रानं काही पुढे केलं, तर तोंडातून काय निघावं याचा सराव त्याला कुणी दिलेला असतो का?

२००९मध्ये 'डेअर'नं जुना अभ्यासक्रम टाकून मायकेल हेक्ट आणि फ्लावियो मार्सिग्लिया यांचे धडे घेतले. यांत व्याख्यान कमी, प्रसंग वठवणं जास्त: नकार द्या, कारण सांगा, टाळा, निघून जा. पण त्यांची चाचणी झाली होती सातवीच्या मुलांवर. पाचवीत ते लावले तर उपयोग होत नाही, असं २०१०च्या एका अभ्यासात आढळलं. पुढे २०२३मध्ये पाचवीच्याच धड्यांची नवी तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात मद्य आणि व्हेपिंगची सुरुवात करणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी दिसलं, पण धडे संपल्यानंतरच्या काही महिन्यांपुरतंच. तपासणाऱ्यांत पहिलं नाव होतं विल्यम हॅन्सन यांचं. दहा वर्षांनी त्या मुलांना पुन्हा कोण भेटणार, हे आता ठरवायचं आहे.