पार्वतीच्या घराचा कागद

अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) छाया कदम यांनी डुकरे पकडणाऱ्या कुटुंबातली आई उभी केली. अशी आई मराठी पडद्याने क्वचितच पाहिली होती. २०२४ साली 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये त्याच छायाताई पार्वती झाल्या. मुंबईच्या इस्पितळात रांधणारी, कागद नाहीत म्हणून बिल्डर जिचे घर हिरावतो अशी बाई. कान महोत्सवात चित्रपटाला 'ग्रां प्री' मिळाले. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण आमचा सवाल आहे : अशा गोष्टींवर निर्मात्या म्हणून सही करणाऱ्या आपल्या लेकी कधी उभ्या राहणार? गोष्ट आपली असून भागत नाही, बंधूभगिनींनो. कागदही आपल्या नावाचा हवा.